पहिली गाडी घेताय? आधी ब्रेकचं विचारा, अ‍ॅव्हरेजचं नंतर

गेल्या महिन्यात एक गृहस्थ प्रेशर तपासायला आले. दंडाला पट्टा गुंडाळून मी हवा भरत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “डॉक्टरांनू, झीलाक कुडाळाक नोकरी लागली हा. गाडी घेवची आसा. खंयची बरी?” प्रेशर बघताना बोलू नका म्हटलं, पण प्रश्न काही त्यांच्या डोक्यातून जाईना. वरचं प्रेशर १५६ आलं. ते नोकरीमुळे की गाडीमुळे, कोण जाणे.

हा प्रश्न मला नवीन नाही. दसरा-पाडवा जवळ आला, किंवा मुलगा आयटीआय करून कुठे चिकटला, की मालवणातले आईबाप तो घेऊन दवाखान्यात येतातच. मी उलट त्यांनाच विचारतो. रोज कुठून कुठे जाणार? परत किती वाजता येणार? मुलाची उंची किती? मागच्या सीटवर कोण बसणार? लायसन्स काढलं का? लोक जरा वैतागतात, कारण त्यांना कंपनीचं नाव हवं असतं आणि मी तेवढंच सांगत नाही. म्हणून आज सविस्तर लिहितो. माझं मत पटलं नाही तरी चालेल, पण शोरूमची पायरी चढण्याआधी एकदा वाचा.

तुम्ही म्हणाल, गाडी निवडणं हे मेकॅनिकचं काम, डॉक्टरचा काय संबंध? संबंध असा: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नव्हतं अशी नोंद असलेले मृत्यू ५० हजारांच्या वर आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते २९ या वयात जगभर मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात हेच आहे. डेंग्यूसाठी आपण टाक्या कोरड्या करतो, लेप्टोसाठी शेतावर जाण्याआधी गोळ्या घेतो. विशीतल्या मुलाला ज्या वस्तूपासून सर्वांत मोठा धोका आहे ती मात्र हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून अंगणात आणतो, आणि ती निवडताना विचारतो काय, तर अ‍ॅव्हरेज किती देते.

अ‍ॅव्हरेजचा हिशेब एकदा करूनच टाकू. मालवण ते कुडाळ जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे दीड हजार किलोमीटर. लिटरला ६० देणारी गाडी २५ लिटर पेट्रोल पिईल, ४५ देणारी ३३. फरक आठ लिटरचा, म्हणजे महिन्याला आठ-नऊशे रुपयांचा. ही रक्कम लहान नाही, पगार बारा-पंधरा हजार असेल तर मुळीच नाही. पण मनगटाचं एक हाड मोडलं तर प्लास्टर, एक्स-रे आणि सहा आठवडे बिनपगारी रजा यात अशी दोन-तीन वर्षांची बचत निघून जाते. मी पैसे बघू नका म्हणत नाही, पूर्ण हिशेब करा म्हणतो.

गाडी हवीच का, हाही प्रश्न विचारायला हवा. वेळेवर एसटी असेल, पास परवडत असेल, तर पहिलं वर्ष एसटीने काढा असंच मी म्हणेन. पण मला माहीत आहे, पाळी सुटायची वेळ आणि एसटीची वेळ यांचं बहुतेक ठिकाणी जमत नाही. २०२१-२२ च्या संपात तर महिनोन् महिने गाड्या बंद होत्या, आणि तेव्हा नाइलाजाने दुचाकी घेतलेली कितीतरी घरं माझ्या ओळखीची आहेत. तेव्हा गाडी घ्यायची हे धरून पुढे जाऊ.

आधी रस्ता बघा. मालवणहून कुंभारमाठ, चौके, धामापूर, नेरूरपार करत कुडाळला जाणारा रस्ता म्हणजे वळणं, चढ-उतार, दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच चिऱ्याचा ट्रक नाहीतर डंपर, आणि दिवेलागणीला रस्त्यावर बसलेली गुरं. इथे तुम्ही कितीही मोठं इंजिन आणा, सरासरी वेग ताशी ४०-४५ च्या वर जाणार नाही. गेला, तर मोठा टप्पा गाठला असं वाटेल, पण हिशेब करा: ३० किलोमीटर ताशी ४५ ने गेलात तर ४० मिनिटं, ६० ने गेलात तर ३०. दहा मिनिटं वाचली, तीही वाटेत गुरं आडवी आली नाहीत तर. किनाऱ्याच्या रस्त्यांची आणखी एक गंमत, मासळीच्या टेम्पोतून गळणारं पाणी. ते वळणावर सांडतं आणि तिथे चाक साबणावरून जावं तसं सरकतं. महामार्ग ६६ ची गोष्ट वेगळी. कुडाळ, सावंतवाडी, बांद्याहून पत्रादेवी ओलांडून रोज गोव्यात कामाला जाणारी आपली शेकडो मुलं आहेत, म्हापसा, पेडणे, आता मोपा विमानतळ. त्यांना चौपदरी रस्त्यावर ट्रक आणि आरामबसच्या शेजारून जावं लागतं. या दोघांना एकच गाडी सुचवणं म्हणजे सर्दी आणि न्यूमोनियाला एकच औषध देण्यासारखं आहे.

वेगाचं शरीराशी नातं समजायला आपल्याकडे उत्तम माप आहे, माड. ताशी ४० ने जाताना तुम्ही एखाद्या न हलणाऱ्या वस्तूवर आदळलात, तर शरीराला बसणारा दणका साधारण सहा मीटरवरून खाली पडल्यासारखा असतो. म्हणजे दुमजली घराच्या कौलावरून. ताशी ६० ला तो चौदा मीटरवरून पडल्याइतका होतो, म्हणजे चांगल्या उंच माडाच्या शेंड्यावरून. ताशी ८० ला पंचवीस मीटर. एवढा उंच माड मी तरी चढून जाणारा पाहिलेला नाही. वेग दुप्पट झाला की दणका चौपट होतो, हा शाळेतलाच नियम. माडावर चढणारा माणूस पाय बांधून, हात घट्ट रोवून चढतो. आपण एका हातात मोबाइल धरून शेंड्यावर बसतो.

आता ब्रेक, आणि त्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. तपशील थोडे बदलले आहेत, नाव-गाव सांगणार नाही.

बावीस वर्षांचा मुलगा, कुडाळात पहिली नोकरी. मुंबईच्या मामाने डाउन पेमेंटला पैसे दिले आणि मुलाने आवडीची, दोनशे सीसीची, पुढे वाकून चालवायची गाडी घेतली. त्याआधी दोन महिने त्याच्या वडिलांनी मला विचारलं होतं, कुठली घेऊ. त्या दिवशी बाहेर तापाचे पंधरा पेशंट बसलेले. मी म्हटलं, “घ्या कुठलीही, सगळ्या चांगल्याच असतात.” माझं हे वाक्य मला आजही आठवतं.

जून महिना, पहिले चार-पाच पाऊस झालेले. पहिल्या पावसात रस्त्यावर वर्षभर साचलेलं तेल आणि धूळ वर येऊन बुळबुळीत थर होतो, त्यामुळे हे दिवस भर पावसापेक्षा जास्त घसरडे असतात. उतारावरच्या वळणावर म्हैस आली. मुलाने पायाचा ब्रेक दाबला, सगळा जोर लावून. मागचं चाक जॅम झालं, गाडी आडवी सरकली. गाडीला एबीएस होतं, पण ते पुढच्या चाकाला, आणि पुढचा ब्रेक त्याने दाबलाच नाही. त्याला गाडी शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, “पुढचो ब्रेक मारलंस तर पालथो पडशीत.” हेल्मेट होतं, ते कोपराला अडकवलेलं.

तो उठला, बाजूच्या घरी चिखल धुतला, पाणी प्यायला, गाडी सरळ करून घरी आला. जेवला. डोकं दुखतंय म्हणून झोपला. दहाच्या सुमारास दोन उलट्या झाल्या आणि तो विचित्र घोरायला लागला. आईने मला बोलावलं तेव्हा त्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली होती आणि हाक मारली तर नुसता कण्हत होता. रात्री गाडी करून त्याला बांबोळीला नेलं, शंभरेक किलोमीटर. कवटी उघडून रक्ताची गाठ काढावी लागली.

हे नीट समजून घ्या, कारण कधीतरी तुमच्या घरी उपयोगी पडेल. कवटीच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. कानाच्या वर, कानशिलाजवळ हाड पातळ असतं. तिथे मार लागून ती धमनी फाटली की हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागतं. सुरुवातीला ते थोडं असतं, त्यामुळे माणूस बोलतो, चालतो, चहा पितो, “माका काय जावक नाय” म्हणतो. मग तासाभरात किंवा पाच-सहा तासांत गाठ मोठी होते आणि मेंदूवर दाब पडू लागतो. मधल्या त्या बऱ्या वेळेमुळे घरचे फसतात. डोक्याला मार लागून क्षणभर जरी शुद्ध गेली असेल, नंतर उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, बोलणं अडखळलं, माणूस पेंगू लागला, नाका-कानातून रक्त किंवा पाणी आलं, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. झोपू दे बिचाऱ्याला, असं म्हणून खोलीचं दार लावून घेणं सर्वांत घातक.

मुलगा वाचला. उजवा हात पूर्ववत व्हायला सहा महिने गेले, तोवर नोकरी गेली होती. गाडीचे हप्ते मात्र चालू होते.

पुढच्या ब्रेकचा गैरसमज आपल्याकडे किती खोल रुजलाय ते दवाखान्यात कळतं. पडून आलेल्या दर दहा जणांना विचारा, सात-आठ सांगतील की पुढचा ब्रेक आपण वापरतच नाही. प्रत्यक्षात गाडी थांबताना सगळा भार पुढे झुकतो. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. म्हणून थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करू शकतो. ताशी ६० ला, कोरड्या रस्त्यावर, दोन्ही ब्रेक वापरले तर धोका दिसल्यापासून गाडी उभी राहीपर्यंत साधारण ३५-४० मीटर लागतात, म्हणजे एकामागे एक उभ्या साडेतीन एसटी. फक्त मागचा वापरला तर ५५-६० मीटर, म्हणजे पाच-सहा एसटी. ताशी ४० ला दोन्ही ब्रेक वापरलेत तर दोन एसटीत काम होतं. ओल्या रस्त्यावर हे सगळे आकडे वाढतात. पुढचा ब्रेक झटक्यात आवळला, वळणात आवळला किंवा वाळूवर आवळला तर पडायला होतं, हे खरं. म्हणून तो गाडी सरळ असताना, हळूहळू वाढत्या दाबाने लावायचा. हे अंगवळणी पडायला मोकळ्या मैदानात एक रविवार पुरतो. नवीन गाडी घेतल्यावर पहिला रविवार देवळात नेण्याबरोबर यासाठीही ठेवा.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. चाक जॅम व्हायला लागलं की ही यंत्रणा ब्रेक सेकंदाला अनेक वेळा सोडते-धरते, त्यामुळे चाक फिरत राहतं आणि गाडी सरळ राहते. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना किमान सीबीएस लागतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. इथे एक पेच आहे, तो मी लपवत नाही. एबीएस हवं तर बहुधा मोठी आणि जड गाडी घ्यावी लागते, आणि हलकी गाडी हवी तर बहुधा सीबीएसवर भागवावं लागतं. मग काय करायचं?

माझं मत असं. चौके-धामापूरसारख्या आतल्या रस्त्याने जाणार असाल आणि हात अजून बसलेला नसेल, तर १०० ते १२५ सीसीची हलकी मोटरसायकल, पुढे डिस्क ब्रेक असलेली. हायवेवरून रोज बांदा-म्हापसा करणार असाल आणि आधी वर्षभर कुणाची तरी गाडी नीट चालवलेली असेल, तर १५०-१६० सीसी, एबीएसवाली. पहिलीच गाडी साडेतीनशे सीसीची घेऊ नका. तिचा आवाज मलाही आवडतो. पण ११०-११५ किलोची गाडी आणि १८०-१९० किलोची गाडी यातला फरक कुठे कळतो, तर ओल्या चिऱ्याच्या अंगणात ती एका बाजूला कलते तेव्हा. नवशिका सहजच पाय खाली टाकून तिला सावरायला बघतो आणि गुडघा पिरगळतो, किंवा पाय खाली सापडून नडगीचं हाड मोडतं. वेगात झालेले अपघात वर्तमानपत्रात येतात. उभ्या गाडीखाली सापडलेले पाय माझ्याकडे येतात.

त्यावरूनच सीटची उंची. शोरूममध्ये गाडीवर बसा, रोज कामाला घालणार तीच पादत्राणं घालून. दोन्ही पायांचे तळवे जमिनीवर टेकायला हवेत, नुसत्या बोटांवर उभं राहायचं नाही. मागे कुणाला तरी बसवून परत बघा. पाच फूट चार इंचांच्या आसपासच्या माणसाला ८०० मिलिमीटरच्या वरची सीट बहुधा जड जाते. आपल्याकडे इतकी खपणारी स्प्लेंडर ७८५ च्या घरात आहे, हे तिच्या खपाचं एक कारण असावं असं मला वाटतं. बसल्यावर पाठ सरळ राहते का, कोपर किंचित वाकलेलं राहतं का, तेही बघा. पुढे वाकून चालवायच्या गाड्या फोटोत देखण्या दिसतात, पण रोज दीड तास मनगटावर शरीराचा भार पडला की करंगळी आणि अनामिका बधिर व्हायला लागतात, मान आणि कंबर धरते. पंचविशीतल्या मुलांना मी यासाठी कमरेचे व्यायाम शिकवतो, तेव्हा मलाच वाईट वाटतं.

स्कूटर घेणाऱ्या बहिणींसाठी दोन शब्द. आशाताई, शिक्षिका, बँकेतल्या मॅडम, यांची पहिली गाडी पुष्कळदा चाळिशीत येते. स्कूटर सोयीची आहे, साडीवर चालवता येते, पुढे सामान राहतं. पण तिची चाकं लहान, दहा-बारा इंचांची, तर मोटरसायकलची सतरा-अठरा इंचांची. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि हँडल हिसकतं. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरलेले असतात, दिसत नाहीत. तेव्हा स्कूटर घ्या, फक्त त्यातल्या त्यात मोठ्या चाकांची, आणि सुरुवातीला दोन्ही पाय लोंबकळत न ठेवता फूटबोर्डवर घ्यायची सवय लावा. चाळिशीनंतर लायसन्ससाठी डॉक्टरचा दाखला लागतो. तो घ्यायला याल तेव्हा नुसती सही मागू नका, डोळे तपासून घ्या. समोरून येणाऱ्या लाइटने हल्ली जास्तच चमकायला होतं असं वाटत असेल तर मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. आणि फीट येत असेल, गेल्या वर्षी एकदाच आली असेल तरी, ते सांगा. मी लायसन्स अडवेन म्हणून लपवू नका.

गाडी तुम्ही स्वतःसाठी घेता, पण मागे आई बसते. बाजाराला, आंगणेवाडीच्या जत्रेला, माझ्याकडे यायला. एका बाजूला बसलेली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने पदर. स्पीडब्रेकर आला की ती मागच्या मागे पडते आणि डोक्याचा मागचा भाग आपटतो. हा अपघात मी इतक्यांदा पाहिलाय की गाडीला मागे धरायला दांडा आहे का, हे मी इंजिनाआधी बघतो. मोटार वाहन नियमांतच लिहिलंय की दुचाकीला मागच्या माणसासाठी हाताने धरायची सोय, पायठेवणं आणि निम्मं चाक झाकणारं साडीगार्ड असलं पाहिजे. ऐटीसाठी ते काढून टाकणारी मुलं आहेत. ओढणी चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. याहून जास्त वर्णन करत नाही. आणि हेल्मेट दोन घ्या. आईलाही डोकं आहे.

हेल्मेटवर स्वतंत्र लेख लिहायला हवा, इथे थोडक्यात. नवीन दुचाकीबरोबर कंपनीने प्रमाणित हेल्मेट द्यायचं असा नियम आहे, तेव्हा मागा. विकत घेताना आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा आकडा बघा. जून २०२१ पासून या खुणेशिवायचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, तरी रस्त्याच्या कडेला मिळतं. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो. हे इतकं गुणकारी औषध माझ्या कपाटात एकही नाही. ते घातल्याने केस गळत नाहीत, पुरुषांचे केस बहुतेक वेळा वडिलांमुळे किंवा आजोबांमुळे गळतात. घामाने कोंडा होतो, त्यासाठी आत सुती टोपी घाला आणि अस्तर उन्हात वाळवा. हनुवटीचा पट्टा न लावलेलं हेल्मेट तुमच्याआधी रस्त्यावर पोचतं.

पावसाळा आपल्याकडे चार महिने, तेव्हा त्याचा विचार गाडी घेतानाच करा. टायर ट्यूबलेस आणि नक्षी खोल असलेले. हेडलाइट दिवसा बघून काही कळत नाही, ओळखीत कुणाकडे तेच मॉडेल असेल तर रात्री एकदा बसून बघा. खाऱ्या हवेने आपल्याकडे ब्रेकच्या केबल आणि डिस्क लवकर गंजतात, त्यामुळे सर्व्हिसिंग जवळ कुठे होतं हे महत्त्वाचं. रेनकोट काळा किंवा निळा घेऊ नका, पिवळा-नारिंगी घ्या. डंपरवाल्याला तुम्ही दिसला पाहिजेत. ओली पँट घालून आठ तास काम केलं की जांघेत गजकर्ण होतं. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे त्याची रांग असते, आणि बहुतेकांनी आधी मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावून ते वाढवून ठेवलेलं असतं. एक कोरडी पँट बॅगेत ठेवा. खरचटलेल्या जखमेत लाल चिखल गेला तर साबण-पाण्याने धुवून टीटीचं विचारायला या. सायलेन्सरचा चटका बसला तर वीस मिनिटं गार पाणी सोडा. टूथपेस्ट लावू नका, ती दातांसाठी आहे.

रात्रपाळीवाल्यांनो, तुमच्यासाठी कुठलीच गाडी पुरेशी सुरक्षित नाही. सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंद होतो, असं प्रयोगात दिसलंय. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. पाळी संपल्यावर वीस मिनिटं डुलकी काढून निघा. गोव्याहून येताना स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यांना मी इथे काय सांगणार, ती घरी पोचेपर्यंत बंद राहू दे एवढंच.

सेकंडहँड गाडी घ्यायला माझी हरकत नाही. माझी स्वतःची पहिली गाडी जुनी एम-एटी होती. तिच्यावरून मी दोनदा पडलो, दोन्ही वेळा इतक्या हळू की गाडी आणि मी दोघंही लाजलो. जुनी घेताना रंगाऐवजी ब्रेक, टायर आणि पुढचे शॉकअप वाकलेत का ते मेकॅनिककडून बघून घ्या, आणि वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट येतं हे विसरू नका. विमा नावावर करून घ्या. मालकाचा अपघाती विमा १५ लाखांचा असतो, पण लायसन्स नसेल तर तो नुसता कागद. अठरा पूर्ण न झालेल्या मुलाच्या हातात किल्ली दिलीत तर २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद पालकाला होऊ शकते, हे इथे सांगावं लागतं कारण दहावीच्या निकालानंतर मलाच पेढे आणि गाडीची बातमी एकदम मिळते.

त्या गृहस्थांना मी यातलं निम्मंच सांगितलं, बाकीचं त्यांच्या प्रेशरने ऐकू दिलं नाही. परवा ते मुलाला घेऊन आले. “डॉक्टरांनू, गाडी दाखवक हाडलंय.” बाहेर जाऊन बघितलं. सव्वाशे सीसी, पुढे डिस्क, मागे दांडा, साडीगार्ड जागच्या जागी. मुलगा वर बसला, दोन्ही तळवे टेकले. हेल्मेट डोक्यावर, पट्टा लावलेला. फक्त आरसे नव्हते.

“आरसे खंय आसत रे?”

“घराक आसत. लावले तर बरे दिसनत नाय.”

त्याला आरसे आणायला परत पाठवला. पाना माझ्याकडे होता.